धावते वर्णन : मैदान कानांनी पाहण्याचा इतिहास

मराठीत खेळाच्या समालोचनाविषयी कोणी लिहू लागले की पहिल्या परिच्छेदात संजय येतोच. आंधळ्या धृतराष्ट्राला रणभूमीचे वर्णन ऐकवणारा तो आद्य समालोचक, असे म्हणण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. भीष्मपर्व लक्षपूर्वक वाचणाऱ्याला मात्र येथे थोडे थांबावे लागते. संजय रणभूमीवरून धावत येतो आणि धृतराष्ट्राला पहिलीच बातमी देतो ती भीष्म पडल्याची. म्हणजे दहा दिवसांचे युद्ध होऊन गेलेले असते, निकाल सांगून झालेला असतो आणि मग तपशीलवार कथन सुरू होते. व्यासांनी दिव्यदृष्टी दिली हे खरे, परंतु संजयाचे कथन 'थेट' नाही. पुढे काय होणार हे ज्याला ठाऊक आहे, अशा निवेदकाचे ते कथन आहे. धावत्या वर्णनाचे मर्म याच्या नेमके उलट आहे. तेथे निवेदक आणि श्रोता दोघेही भविष्याबाबत सारखेच अज्ञानी असतात. साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रकाराकडे वळावे असे आम्हाला वाटते, ते या फरकामुळे.

आकाशवाणीवरून खेळ ऐकवण्याची सुरुवात जगात झाली १९२१ साली. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील केडीकेए या केंद्राने त्या वर्षी एप्रिलमध्ये मुष्टियुद्धाचा एक सामना ऐकवला आणि ८ ऑक्टोबरला पिट्सबर्ग व वेस्ट व्हर्जिनिया या दोन विद्यापीठांमधील फुटबॉलचा सामना. तेथील फुटबॉल आपल्या फुटबॉलपेक्षा निराळा. पण रेडिओने उचललेल्या अगदी पहिल्या खेळांत विद्यार्थ्यांचा सामना होता, ही गोष्ट महाविद्यालयात शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना लक्षणीय वाटते. इंग्लंडमध्ये बीबीसीने २२ जानेवारी १९२७ रोजी आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड हा सामना ऐकवला, तेव्हा 'रेडिओ टाइम्स'मध्ये मैदानाचा चौकटी पाडलेला नकाशा छापला होता. श्रोत्याने तो समोर घेऊन बसायचे आणि चेंडू कोणत्या क्रमांकाच्या चौकटीत आहे हे दुसरा आवाज सांगायचा. खेळ ऐकणे ही तेव्हा शिकून घेण्याची गोष्ट होती. कानांना मैदान दिसावे यासाठी आधी कागदाचा आधार लागत होता.

भारतातील आरंभ मुंबईचा. १९३४ साली ए. एफ. एस. तल्यारखान यांनी चौरंगी सामन्यांचे धावते वर्णन केले. ते इंग्रजीत होते आणि खेळणारे संघ धर्मावर बेतलेले होते : हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन. या देशाने आपल्या मैदानाचा आवाज प्रथम ऐकला तो असा, कोण कोणाचा हे आधीच ठरवून दिलेला. १९३७ पासून ही स्पर्धा पंचरंगी झाली, १९४० साली गांधीजींनी तिच्याविषयी नापसंती व्यक्त केली आणि १९४६ मध्ये ती संपली. याच काळात, १९३५ पासून, विद्यापीठांमधील रोहिंटन बारिया करंडकाची स्पर्धा सुरू झाली. संघ धर्माऐवजी विद्यापीठावरून ओळखला जाणे, हा त्या वेळी केवळ क्रीडाविषयक बदल नव्हता. महाराष्ट्राला १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकून देणारे कर्णधार दि. ब. देवधर हे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. वर्ग आणि मैदान यांच्यातील अंतर तेव्हा आजच्याइतके वाढलेले नव्हते.

आमच्या छत्रपती संभाजीनगरची, तेव्हाच्या औरंगाबादची, कथा थोडी निराळी आहे. हे शहर निजामाच्या राज्यात. येथील शासकीय महाविद्यालय १९२३ चे. मौलवी अब्दुल हक यांच्यासारख्या उर्दूच्या थोर अभ्यासकाचे हे गाव. शिक्षणाची आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू, घरची भाषा अनेकांची मराठी. निजामाच्या राजवटीतील येथील रेडिओ केंद्र हैदराबादच्या केंद्राबरोबर १९५० मध्ये ऑल इंडिया रेडिओकडे आले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, म्हणजे पुढचे मिलिंद, येथे सुरू झाले आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. ज्यांच्या घराण्यात कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशी मुले वसतिगृहांत राहू लागली. रेडिओ बाळगायला तेव्हा परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. त्यामुळे खेळ ऐकणे हे बहुतेकांसाठी सामुदायिक होते. उपाहारगृहातला, पानाच्या ठेल्यावरचा, एखाद्या प्राध्यापकाच्या खिडकीत ठेवलेला रेडिओ आणि त्याभोवती उभी राहिलेली माणसे. तेथे जागा मिळवायला तिकीट लागत नसे. ऐकणाऱ्यांच्या त्या घोळक्यात क्रिकेट कधीही न खेळलेला मुलगाही मैदानाचा जाणकार होऊ शकत होता, ही त्या यंत्राची देणगी आम्ही मोठी मानतो.

ऐकण्याला घड्याळाचाही अर्थ होता. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. वेस्ट इंडीजमधला खेळ आपल्याकडे रात्री सुरू होऊन पहाटेकडे सरकणार, इंग्लंडमधला दुपारी चारच्या सुमारास सुरू होऊन रात्रीच्या जेवणानंतर संपणार. लघुलहरींवरचा आवाज लाटेसारखा जवळ येई आणि दूर जाई. २४ ऑगस्ट १९७१ ला ओव्हलचा सामना भारताने चार गडी राखून जिंकला. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेतले होते. ज्यांनी तो विजय कानांनी अनुभवला, त्यांच्या स्मरणात त्याची चित्रे आहेत आणि ती प्रत्येकाची वेगळी आहेत.

आता मराठीविषयी. रेडिओवर इंग्रजी आणि हिंदी समालोचन आळीपाळीने चाले. हिंदीत जसदेव सिंग, सुशील दोशी, रवी चतुर्वेदी यांचे आवाज घराघरांत ओळखीचे झाले होते. मराठीत हे काम उभे केले ते प्रामुख्याने बाळ ज. पंडित यांनी. ते स्वतः महाराष्ट्राकडून खेळलेले, त्यामुळे शब्दांमागे मैदानाचा अनुभव होता. वृत्तपत्रांच्या बाजूने वि. वि. करमरकरांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये क्रीडापानाला प्रतिष्ठा मिळवून दिली. या दोन प्रवाहांतून रुळलेली परिभाषा एखाद्या समितीने बसून घडवली असती, तर तिला ही चव आली नसती.

ही परिभाषा जरा उलगडून पाहू. 'गोलंदाज' हा तोफखान्यातला शब्द, फारसीकडून आलेला; त्याच्या जोडीला फळीवरून 'फलंदाज' आला. 'चीत' हा शब्द आखाड्यातला. पाठ मातीला लागली की मल्ल चीत. तोच शब्द पायचीत, धावचीत, यष्टिचीत, त्रिफळाचीत असा मैदानभर पसरला. 'त्रिफळा' वैद्याच्या घरातला, 'पंच' गावाच्या पारावरचा. 'षटक' आणि 'शतक' संस्कृतातले, आणि शतक म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्याला भर्तृहरी आठवायलाच हवा. इंग्रजांचा खेळ मराठीत आला तो असा छावणी, तालीम, पार आणि पाठशाळा यांच्यामधून. परकी वस्तू आपलीशी करताना भाषा कोणकोणत्या कोठारांतून माल उचलते, याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हाला दुसरे सुचत नाही.

परंतु शब्दांपेक्षा कठीण प्रश्न वाक्याचा होता. मराठीत क्रियापद शेवटी येते. इंग्रजी समालोचक कर्ता उच्चारून लगेच क्रिया सांगून मोकळा होतो. मराठी समालोचकाला वाक्य पूर्ण करायचे तर चेंडू सीमारेषेबाहेर जाऊन परतलेला असतो. शिवाय भूतकाळात 'फलंदाजाने' असे म्हणताच 'ने' प्रत्यय लागून जातो, आणि पुढचे क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालणार : चेंडू मारला, धाव घेतली, झेल दिला. अजून जे घडलेच नाही त्याच्या व्याकरणाची हमी आधीच द्यावी लागते. यातून वाट दोन प्रकारांनी निघते. एक तर वर्तमानकाळ : 'फलंदाज पुढे सरसावतो, चेंडू तटवतो.' किंवा क्रियापदच गाळून तुटक पदांची माळ : 'आखूड टप्पा, यष्टीबाहेर, आणि चौकार.' कथनमीमांसेत काळ, निवेदक आणि कथनाचा वेग यांची चर्चा आपण कथा-कादंबरीच्या आधारे करतो. निवेदकाला स्वतःलाच शेवट माहीत नसलेले कथन कसे चालते, हे दाखवायला धावत्या वर्णनाइतकी चांगली सामग्री नाही.

आणि नेमकी हीच सामग्री आपण फारशी जपलेली नाही. कथाकाव्याचे संपादित खंड निघाले, नाटकाच्या संहिता छापल्या गेल्या. धावते वर्णन मात्र हवेत बोलले गेले आणि हवेतच विरले. १९८३ च्या विश्वचषकात १८ जूनला कपिलदेवने झिंबाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा केल्या. त्या खेळीचे चित्रण नाही. ती उरली आहे फक्त शब्दांत, आणि तरीही तिचे काही कमी झालेले नाही. चित्र नसताना शब्द किती भार पेलू शकतो, याचा तो पुरावा आहे.

चित्र आल्यावर प्रश्न बदलला. 'काय घडले' हे सांगण्याची गरज उरली नाही आणि 'कोणाला दिसणार' हा प्रश्न पुढे आला. १९९३ च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून उठलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल दिला. न्या. पी. बी. सावंत हे त्या खंडपीठावर होते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर शासनाची मक्तेदारी असू शकत नाही, आणि त्यांचा वापर लोकहितासाठी सार्वजनिक प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली व्हावा, असे न्यायालयाने म्हटले. पुढे २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे खासगी वाहिन्यांना बंधनकारक झाले. पानाच्या ठेल्यापाशी उभ्या असलेल्या त्या मुलाचा हक्क कायद्याच्या भाषेत मांडला गेला तो असा.

आज सामना प्रत्येकाच्या खिशात आहे. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमावर मराठी समालोचनही होते आणि केदार जाधवसारखा खेळाडू त्यात बोलत होता. गावोगावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धा यूट्यूबवर थेट दिसतात. तेथील समालोचक स्थानिक बोलीत, चारोळ्या पेरत, बक्षीस देणाऱ्यांची नावे घेत तासन्‌तास बोलतो. त्याच्या भाषेत इंग्रजी आणि हिंदीची सरमिसळ आहे, कित्येकदा ती सवंगही होते; पण चेंडू हातून सुटण्याआधी वाक्य सुरू करण्याचा जुना पेच तो रोज सोडवतो आहे. त्याला अशुद्ध ठरवून बाजूला सारणे सोपे आहे. उद्या त्याचाही मागमूस राहिला नाही, तर मात्र दोष आमच्यासारख्या मराठी विभागांचाच असेल.

म्हणून सुचवायचे ते इतकेच. आंतरमहाविद्यालयीन सामने आपल्याच मैदानांवर होतात आणि बहुधा मुक्याने होतात. मराठीच्या विद्यार्थ्यांनी तेथे जावे, एकाने वर्णन करावे, दुसऱ्याने ते ध्वनिमुद्रित करून अक्षरशः लिहून काढावे. ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत रेडिओवर सामने ऐकले, त्यांच्या आठवणी आताच नोंदवाव्यात. ती माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.