तारकांतर-मापन

तारकांतर-मापन : पृथ्वीपासून ग्रह व तारे किती दूर आहेत हे ठरविण्याच्या पद्धती. हाताचे बोट समोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला, की मागच्या झाडांच्या तुलनेत बोट सरकल्यासारखे दिसते. हे सरकणे म्हणजे पराशय किंवा लंबन. बोट जितके दूर, तितके ते कमी. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त (११५०) ग्रहणगणितासाठी लंबनाचा विचार केलेला आहे.

ताऱ्यांसाठी दोन डोळ्यांऐवजी पृथ्वीच्या कक्षेतील, सहा महिन्यांच्या अंतराने येणाऱ्या दोन जागा घेतात. या दोन जागांवरून दिसणाऱ्या सरकण्याचा निम्मा कोन हा ताऱ्याचा पराशय मानतात. तो १ विकला (अंशाचा ३,६०० वा भाग) असेल, तर अंतर १ पार्सेक, म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे भरते. या रीतीने खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी १८३८ मध्ये हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे अंतर काढले. ग्रहांसाठी रडारलहरी जाऊन परत येण्याचा वेळ मोजतात. दूरच्या दीर्घिकांसाठी सेफीड या रूपविकारी ताऱ्यांच्या तेजाचा आवर्तकाल उपयोगी पडतो. आवर्तकाल जितका मोठा, तितका तारा मुळात अधिक तेजस्वी, हा संबंध खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांनी दाखविला (१९१२). २०१३ मध्ये सोडलेल्या गाया यानाने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांचे पराशय मोजले.

पराशयावरून काढलेल्या अंतराचे एक उदाहरण पाहू. चंद्रपूर जिल्ह्यातील सावली हे गाव सुमारे २०° उत्तर अक्षांशावर आहे. तेथून मे महिन्याच्या रात्री दक्षिण क्षितिजाजवळ मित्र तारा दिसतो. त्याचा पराशय सुमारे ०.७५ विकला व अंतर सुमारे ४.३७ प्रकाशवर्षे आहे.