जॉन्सन आणि पेन : एकोणिसाव्या शतकातील पुण्याची दोन वाचकमंडळे

मराठी गद्याच्या इतिहासात ग्रंथकारांची मोजदाद पुष्कळ झाली आहे. वाचकांची त्या मानाने थोडी. कोणी काय लिहिले हे सालवार सांगता येते. परंतु कोणी काय वाचले, वाचलेले कोणाच्या कानांवर घातले आणि ते घालताना कोणाला वगळले, हा प्रश्न सहसा प्रास्ताविकातील एखाद्या वाक्यात आटोपला जातो. वस्तुतः इंग्रजी विद्या महाराष्ट्रात रुजली ती केवळ शाळाखात्याच्या क्रमिक पुस्तकांमुळे नव्हे. एका वाचकाने आपला आवडता ग्रंथकार दुसऱ्याच्या हाती द्यावा आणि दुसऱ्याने तो तिसऱ्यापर्यंत न्यावा, या मार्गानेही ती रुजली. या व्यवहाराची पुण्यातील दोन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

त्यांपैकी पहिले जोतीराव फुले यांचे. स्कॉटिश मिशनच्या शाळेतील शिक्षण संपविण्याच्या सुमारास, म्हणजे १८४७मध्ये, त्यांनी टॉमस पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला. या वाचनात सदाशिव बल्लाळ गोवंडे हे त्यांचे सहाध्यायी होते. गोवंडे ब्राह्मण होते, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कारण पुढे जी दरी दिसते ती या आरंभीच्या मैत्रीत नव्हती. पुढच्याच वर्षी, १८४८ साली, फुल्यांनी मुलींची शाळा काढली. त्याच वर्षी पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररीही स्थापन झाली. सार्वजनिक ग्रंथालय आणि मुलींची शाळा एकाच शहरात एकाच वर्षी निघावीत, हा योगायोग असला तरी बोलका आहे : वाचावयास ग्रंथ मिळू लागले, त्याच वेळी वाचणार कोण हा प्रश्नही उभा राहिला.

पेनचे पुस्तक फुल्यांनी मराठीत उतरविले नाही, त्याचे रसग्रहणही लिहिले नाही. त्यांची वाटून घेण्याची रीत निराळी होती. वाचलेला विचार ते संवादात मुरवीत. १८५५च्या ‘तृतीय रत्न’ नाटकाचा शेवट कुणबी नवराबायको रात्रीच्या शाळेत जावयास निघतात तेथे होतो. १८७३च्या ‘गुलामगिरी’त जोतीराव आणि धोंडीबा यांची प्रश्नोत्तरे आहेत आणि तो ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलेला आहे. परका ग्रंथकार येथे नावानिशी फारसा पुढे येत नाही, परंतु युक्तिवादाच्या ठेवणीत तो सतत असतो.

दुसरे उदाहरण विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे. त्यांच्या ‘निबंधमाले’चा पहिला अंक १८७४च्या जानेवारीत निघाला आणि १८८१पर्यंत तिचे ८४ अंक प्रसिद्ध झाले. मालेतील राजकीय व भाषाविषयक निबंधांची चर्चा विपुल झाली आहे. पण वाचनाच्या इतिहासकाराला त्यांहून मोलाचा वाटावा असा तिचा भाग म्हणजे शास्त्रीबुवांनी आपले आवडते ग्रंथकार वाचकांपुढे मांडले तो होय. ‘वाचन’ हा स्वतंत्र निबंध त्यांनी लिहिला, मोरोपंतांच्या कवितेची बाजू विस्ताराने घेतली, आणि डॉ. सॅम्युएल जॉन्सन या इंग्रज पंडिताचे चरित्र व गुणवर्णन इतक्या आत्मीयतेने केले की वाचकाला तो सदाशिव पेठेतील एखादा शास्त्री वाटावा. जॉन्सनची आवड त्यांच्या घरातच होती. ‘रासेलस’चे मराठी भाषांतर वडील कृष्णशास्त्री यांनी आरंभिले आणि ते चिरंजिवांनी पुरे केले. त्याआधी ‘शालापत्रका’तून विष्णुशास्त्र्यांनी कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू व दंडी या पाच संस्कृत कवींचा परिचय करून दिला होता. संस्कृत, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील आपले आवडते ग्रंथकार सामान्य मराठी वाचकाच्या अंगणात आणून बसविण्याचा एवढा सातत्यपूर्ण उद्योग त्यापूर्वी कोणा एका माणसाने केलेला नाही.

जॉन्सनच त्यांना का भावला? लेखणीवर जगणारा, आश्रयदात्याची मिनतवारी झुगारणारा, भाषेचा अभिमानी आणि मते ठणकावून सांगणारा हा ग्रंथकार. शास्त्रीबुवांच्या मनातील लेखकाची मूर्ती हीच होती. १८७९मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि पुढील जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल उघडले. एका पुस्तकामुळे कोणी नोकरी सोडत नाही. तथापि आवडीच्या ग्रंथकाराचे चरित्र अशा निश्चयाला बळ देते, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

येथे एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. जॉन्सन आणि पेन हे एकाच शतकातील, पण परस्परविरुद्ध पक्षांतील. अमेरिकेतील वसाहतींनी कराविरुद्ध तक्रार केली तेव्हा जॉन्सनने १७७५मध्ये सरकारची बाजू मांडणारी पुस्तिका लिहिली. पेनने १७७६मध्ये त्याच वसाहतींना स्वातंत्र्याची हाक दिली. पुण्यात येताना या दोघांची अदलाबदल झाली. राजसत्तेचा पाठीराखा जॉन्सन स्वदेशाभिमानी शास्त्रीबुवांचा आदर्श ठरला, आणि इंग्रजी सत्तेविरुद्ध बंडाला बळ देणारा पेन फुल्यांचा. फुले तर त्या काळी इंग्रजी राज्याकडे शूद्रातिशूद्रांच्या सुटकेची संधी म्हणून पाहत होते. ग्रंथ दूरदेशी जातो तेव्हा तो आपला पक्ष बरोबर नेत नाही. वाचकाच्या गरजेला जे लागेल तेवढेच तेथे उतरते : एकाला ग्रंथकाराचा बाणेदारपणा हवा होता, दुसऱ्याला माणसाच्या हक्काची भाषा.

या दोन वाचकांची गाठ पडली ती निबंधमालेतच, आणि ती दुर्दैवी ठरली. फुल्यांच्या पुस्तकांचा परामर्श घेताना शास्त्रीबुवांनी आशयापेक्षा व्याकरणावर अधिक शस्त्र चालविले आणि उपहासाची परिसीमा केली. जॉन्सनच्या विक्षिप्तपणाला, त्याच्या ओबडधोबड वागणुकीला त्यांनी मोठ्या मनाने जागा दिली होती. आपल्याच गावातील एका ग्रंथकाराच्या ओबडधोबड भाषेला ती मिळाली नाही. भाषेच्या अभिमानातून हे घडले, असे त्यांच्या कैवाऱ्यांकडून सांगितले जाते. ते अंशतः खरे आहे. परंतु व्याकरणाच्या चुका काढणाऱ्या टीकाकाराने विचाराला उत्तर दिलेले नाही, हेही तितकेच खरे.

शास्त्रीबुवा १८८२मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. त्यामुळे १८८५च्या प्रसंगाशी त्यांचा संबंध जोडता येत नाही. न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७८ साली मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली होती. दुसरी १८८५मध्ये भरावयाची होती आणि तिचे निमंत्रण रानड्यांकडून फुल्यांना गेले. दोघांचे वैर नव्हते. १८७५मध्ये दयानंद सरस्वतींच्या पुण्यातील मिरवणुकीत दोघेही सामील झाले होते. तरी फुल्यांनी निमंत्रण नाकारले आणि त्यांचे उत्तर ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. ज्यांच्या ग्रंथांतून सर्व माणसांच्या हक्कांना मान्यता नाही, त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्याचा आशय होता. मानवी हक्क हे शब्द येथे नीट पाहावेत. गोवंड्यांसमवेत वाचलेल्या पुस्तकाचे नावच अडतीस वर्षांनी ग्रंथकारांच्या सभेला दिलेल्या नकाराचे कारण बनून आले आहे. साहित्यसभेच्या इतिहासात या पत्राचा उल्लेख बहुधा रुसव्याच्या स्वरात केला जातो. पण सहवाचक म्हणून कोणाला मोजावे याविषयीचा तो सरळ मतभेद होता, आणि तसाच तो वाचला पाहिजे.

फुल्यांचे सहवाचक कोठे होते, हे ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३च्या ग्रंथाच्या हकिगतीवरून समजते. लिहून होतील तसतसे त्याचे भाग त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांपुढे वाचून दाखविले. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनीही ते ऐकले. त्याचे पहिले काही भाग ‘दीनबंधु’ पत्रात छापले गेले आणि पुढे छपाई थांबली. निबंधमालेला वर्गणीदार होते. ‘असूडा’ला श्रोते मिळाले, आणि त्यांतील पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. अशा श्रोत्यांची नोंद कोणत्याही ग्रंथालयाच्या देवघेवीच्या वहीत सापडत नाही. हडपसरच्या किंवा ओतूरच्या सभेतून उठून घरी गेलेल्या माणसाने ऐकलेले आणखी कोणाला सांगितले, याचा शोध सत्यशोधक जलशांच्या कवनांत आणि ‘दीनबंधु’च्या जुन्या अंकांतच घ्यावा लागेल.