कोकेशी आणि तिचे संग्राहक

जपानच्या होन्शू या मुख्य बेटाचा उत्तरेकडील भाग तोहोकू या नांवानें ओळखला जातो. डोंगराळ, हिवाळ्यांत बर्फाखालीं गाडला जाणारा आणि दुष्काळाचा तडाखा वारंवार सोसलेला असा हा मुलूख आहे. येथील ऊनपाण्याच्या झऱ्यांपाशीं, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, कोकेशी ही लांकडी बाहुली जन्मास आली. तिला हात नाहींत, पाय नाहींत. एक लांबट दंडगोल, त्यावर गोल डोकें आणि कुंचल्याच्या चार-सहा फटकाऱ्यांत रेखलेला चेहरा, एवढाच तिचा संसार. आपल्याकडील ठकीची आठवण कोणासही होईल. परंतु ठकी कोरलेली असते व कोकेशी कातलेली. हा भेद वाटतो तितका लहान नाहीं, कारण कोकेशीचा पूर्वेतिहास सारा चरकाचाच इतिहास आहे.

तिचे कर्ते किजिशी, म्हणजे कातारी. हे लोक डोंगरांतून राहत, वाडगे व तबकें कातीत, आणि एका रानांतील लांकूड सरलें कीं दुसऱ्या रानांत जात. आपल्या धंद्याचा मूळ पुरुष म्हणून ते नवव्या शतकांतील कोरेताका या राजपुत्राचें नांव घेत. सम्राट् मोंतोकूचा हा ज्येष्ठ पुत्र. सिंहासन मात्र धाकट्या भावास मिळालें. पुढें ओमी प्रांतांतील ओगुराच्या दऱ्यांत राहून त्यानें चरक शोधून काढला, अशी दंतकथा आहे. चरक अर्थातच त्याहून जुना. आठव्या शतकांत सम्राज्ञी शोतोकू हिनें दहा लक्ष इवलेसे लांकडी मनोरे करविले, तेहि चरकावर कातलेलेच होते. पण दंतकथेचा उपयोग निराळा होता. राजपुत्राचे अनुयायी या नात्यानें कोणत्याहि डोंगरांत लांकूड तोडण्याचा हक्क सांगतां येई, आणि तशा अर्थाचे कागद हे फिरस्ते लोक जवळ बाळगीत. कोकेशी करणाऱ्या घराण्यांतहि ओगुरा हें आडनांव भेटतें. अकितामधील किजियामा येथील ओगुरा क्यूशिरो हा त्यांतला नामांकित.

शेतीचीं कामें उरकलीं कीं तोहोकूचे शेतकरी ऊनपाण्याच्या गांवीं जाऊन कांहीं दिवस राहत, अंग शेकून घेत, आणि घरीं परततांना मुलांसाठीं कांहीं तरी नेत. वाडगे कातणाऱ्या कातारीस उरलेल्या तुकड्यांचें गिऱ्हाईक असें आयतेंच मिळालें. लाल रंगास देवीचा रोग भितो अशी त्या काळीं जपानांत समजूत होती. कोकेशीवर लाल रंग एवढा कां, याचें उत्तर पुष्कळ अभ्यासक तेथें शोधतात. इवाते भागांतील किनाकिना ही बाहुली मात्र रंगाविनाच असे. तिचें डोकें मुद्दाम सैल ठेवीत आणि ती तान्ह्या मुलाच्या हातीं चोखावयास देत. मेइजी काळापूर्वीच्या कोकेशी आज फारच थोड्या कां उरल्या, हें यावरून सहज उमगावें. चोखून, आपटून, खेळून संपावयाची ती वस्तु. ती जपून ठेवावी असें कोणाच्या मनांत येणार?

मेइजी काळांत चरक बदलला. पूर्वीं एकानें दोरी ओढावयाची व दुसऱ्यानें हत्यार धरावयाचें. आतां पायानें चालणाऱ्या चरकावर एकटा कातारी बसूं लागला. मिझुकीचें पांढरें लांकूड साल काढून महिनोन्महिने वाळवावयाचें, मग कातावयाचें, घांसावयाचें, आणि तें फिरत असतांच कुंचला टेकवून रंगाचीं वर्तुळें उठवावयाचीं, ही रीत प्रत्येक गांवानें आपापल्या परीनें चालविली. त्सुचियूच्या बाहुलीच्या माथ्यावर वर्तुळांत वर्तुळें असतात. तोगात्ताची डोक्यानें मोठी, कपाळावर लाल रेषांचा झुबका मिरविणारी. त्सुगारूची एकाच लांकडांतून डोक्यासह उतरलेली. माझ्या मतें सर्वांत चतुर ती नारुकोची. तिचें डोकें निराळें कातून, धड चरकावर फिरत असतां त्यांत दाबून बसवितात. घर्षणानें तें असें बसतें कीं पुढें मान फिरविली म्हणजे ‘क्यू क्यू’ असा आवाज निघतो. मूल रडावयाचें थांबावें एवढ्यासाठींच जणूं ही युक्ति योजली असावी.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत पत्र्याचीं व सेल्युलॉइडचीं खेळणीं डोंगरांतल्या गांवांपर्यंत पोंचलीं आणि मुलांनीं कोकेशी टाकली. तिचा इतिहास येथेंच संपावयाचा. पण मुलांच्या हातून सुटलेली ही बाहुली शहरांतील प्रौढ पुरुषांनीं उचलली. खेळण्यांचा नाद टोकियोंत तत्पूर्वींच लागला होता. शिमिझु सेइफू यानें १८९१ पासून ‘उनाइ नो तोमो’ या नांवानें खेळण्यांचीं चित्रें प्रसिद्ध करण्यास आरंभ केला होता. सेंदाईच्या आमाए तोमिया यानें १९२८ सालीं केवळ कोकेशीवर पहिलें पुस्तक लिहिलें. मागोमाग ताचिबाना बुनसाकू, फुकाझावा कानामे यांसारखे छांदिष्ट दऱ्याखोऱ्यांतून हिंडूं लागले. फुकाझावाचें ‘कोकेशीचें स्मित’ या अर्थाच्या नांवाचें पुस्तक १९३८ चें. धंदा सोडून बसलेल्या म्हाताऱ्या कातारींस गांठावें, लहानपणीं बापानें कशी कातली होती तशी एक करून द्या म्हणावें, गुरु कोण, शिष्य कोण हें टिपून घ्यावें, असा त्यांचा क्रम असे. या टिपणांतूनच घराण्यांचे वंशवृक्ष तयार झाले आणि आज सर्वमान्य असलेल्या अकरा परंपरा (कोणी बारा मानतात) ठरल्या.

नांवसुद्धां त्यांनींच ठरविलें. एके ठिकाणीं देको, दुसरीकडे किबोको, तिसरीकडे कोगेसु, अशीं या बाहुलीचीं गांवोगांवचीं नांवें होतीं. १९४० सालीं संग्राहकांचा मेळावा नारुको येथें भरला आणि ‘कोकेशी’ हेंच नांव, तेंहि चिनी चित्राक्षरें टाळून साध्या हिरागाना लिपींत, सर्वांनीं लिहावें असें तेथें ठरलें. पिढ्यान् पिढ्या बाहुली करणाऱ्यांच्या वस्तूचें बारसें विकत घेणाऱ्यांनीं केलें, ही गोष्ट कांहींशी चमत्कारिक खरी.

दुसराहि एक फरक झाला. पूर्वींचा कातारी बाहुलीवर सही करीत नसे. वाडग्यावर कोण सही करतो? संग्राहकांच्या आग्रहामुळें तळाशीं नांव लिहिण्याचा प्रघात पडला, आणि कांहीं जण वयहि लिहूं लागले. सही आली तशी किंमत आली, आणि नांवाजलेला व न नांवाजलेला असे दोन वर्ग पडले. संग्राहकांनीं कोकेशी वांचविली हें निर्विवाद आहे. तरी तिला जिवंत ठेवतांना तिचें कूळ, नांव आणि मोल हीं त्यांनीं आपल्या कपाटाच्या मापानें बेतलीं, हेंहि तितकेंच खरें. याबद्दल त्यांस दोष देणें मला रास्त वाटत नाहीं. त्यांच्यावांचून आज माप घेण्यास कांहीं उरलेंच नसतें.

मात्र नांव एका छापाचें झाल्यावर एक विपरीत कथा त्यास चिकटली, तिचा समाचार घेणें अवश्य आहे. ‘को’ म्हणजे मूल व ‘केशी’ म्हणजे पुसून टाकणें, असा विग्रह करून, दुष्काळांत मारलेल्या अर्भकांच्या स्मरणार्थ ही बाहुली घडवीत असें १९६० च्या दशकापासून सांगितलें जाऊं लागलें. तोहोकूंत दुष्काळ पडले आणि बालहत्या झाल्या, हें दुर्दैवानें खरें आहे. परंतु या बाहुलीशीं त्यांचा संबंध जोडणारा जुना आधार पुढें आलेला नाहीं. उलट १८६२ च्या एका कागदांत ‘कोफुकेशी’ असें नांव आढळतें, आणि तें लांकडी बाहुलीचें म्हणूनच. केशी हें खसखशीचें बोंडहि आहे. डोकें भादरून माथ्यावर थोडेसे केस राखलेल्या मुलास त्यावरून केशी-बोझु म्हणत, आणि चिमुकल्या बाहुल्यांसहि केशी हा शब्द लावीत. ही व्युत्पत्ति अधिक संभवनीय दिसते. शिवाय, उन्हाळ्याच्या कुंडावरून घरीं वाट पाहणाऱ्या पोरासाठीं आणलेली वस्तु मेलेल्या पोराचें स्मारक कशी होईल? करुण कथा लोकांच्या मनांत लवकर शिरते, आणि बाहुलीचें मूक तोंड तिला विरोध करूं शकत नाहीं.

युद्धानंतर परंपरा न पाळणाऱ्या, नव्या घाटाच्या कोकेशीहि निघाल्या. त्यांचा विस्तार येथें नको. शिरोइशी येथें १९५९ पासून देशव्यापी स्पर्धा भरूं लागली. नारुकोंत १९७५ सालीं संग्रहालय उघडलें, त्यांत फुकाझावाचा संग्रह आहे. आणि १९८१ सालीं मियागी प्रांताच्या कोकेशीस पारंपरिक हस्तकला म्हणून सरकारी मान्यता मिळाली. जुन्या बाहुल्यांचे रंग उजेडानें उडतात, म्हणून त्या उन्हापासून जपून, पेटींत किंवा काचेआड ठेवाव्या लागतात. तेथें कोणी त्यांची मान फिरवीत नाहीं.

इवातेंतील हानामाकी येथें किनाकिना आजहि कातली जाते. तिच्यावर चेहरा नसतो, रंग नसतो, त्यामुळें उडण्यासारखें कांहीं नाहीं. डोकें मात्र पूर्वींसारखेंच डुगडुगतें.