दगडी घर, वसई-आचोळे परिसरातील

दगडी घर, वसई-आचोळे परिसरातील : पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील शेतवाडीवरील जुना वास्तुप्रकार, याची परंपरा सामान्यतः पोर्तुगीज अमलापर्यंत नेण्यात येते.

इतिहास : १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात आली आणि मुलखातील गावे पोर्तुगीज खानदानी मंडळींस, बहुधा तीन हयातींच्या मुदतीने, ‘फोरो’ नामक वार्षिक धाऱ्यावर देण्यात आली. या वर्गाच्या वाड्यांचे उत्तम वर्णन १६९५ मध्ये वसईस आलेल्या जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशाने केले आहे. शहराबाहेरील कसब्यात पंधरा मैलांच्या टापूत माड, आंबे व ऊस यांच्या बागाच बागा असून पाणी चढविण्याच्या यंत्रांनी त्या सदैव हिरव्या राखल्या जात, आणि उन्हाळ्याची काहिली व शहरातील साथ चुकविण्यासाठी धनिक लोक तेथील आपल्या घरांत राहावयास जात, असे तो सांगतो. ही यंत्रे म्हणजे रहाटच असावेत. बागा कसणाऱ्या हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती कुळांची मात्र त्याने ओझरत्या उल्लेखावर बोळवण केली आहे.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज जमीनदारांपैकी बरेच निघून गेले. जागेवर राहिली ती कुळे.

रचना : दगड काळा, बेसाल्टचा. त्याची ख्याती अशी की, जुन्या गोव्यातील बॉम जेझुस चर्चच्या (१५९४–१६०५) कोरीव कामासाठी तो वसईहून नेण्यात आला. सामान्य शेतकऱ्यास घडीव दगड परवडे तो बहुधा जोत्यापुरता. पुढे ओटी, मधे माजघर, वर धान्याचा माळा, मागे पडवी. छपरावर प्रथम नळीची व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मंगळुरी कौले. परंतु बागायतीतील घराचे मर्म विहिरीत आहे. दर्शनी कमानींवर पाने खर्ची घालणाऱ्यांनी रहाटाच्या जागेकडे केलेले दुर्लक्ष अक्षम्य आहे. जुन्या वास्तूचा दगड नव्या कामी लावण्याची रीत असल्यामुळे केवळ दगडावरून घराचा काळ ठरविणे धोक्याचे होय.

नक्षीकाम : बेताचे.

आचोळे : नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेस. बागायतीचा पट्टा लोहमार्गाच्या पश्चिमेस, समुद्राच्या बाजूने. पूर्वेकडे तुंगारेश्वरच्या डोंगरापर्यंत मुख्यतः भाताची जमीन, त्यामुळे इकडील घरात विहिरीपेक्षा खळे, कणगी व गोठा यांस महत्त्व. हे गाव २००९ साली स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत असून भातखाचरांच्या जागी आता बहुतेक बहुमजली इमारती आहेत.