ठरावातला दवाखाना

४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोल्यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. इतकं आपल्या पोरापोरांना पाठ आहे, कारण त्याच ठरावाच्या जोरावर २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यात उतरले. पण ठराव विहिरीपाशी संपत नाही. पुढं लिहिलंय : शाळा, कोर्ट, कचेऱ्या आणि दवाखाने.

मित्रांनो, या शेवटच्या शब्दापाशी जरा थांबा.

तळ्याचा सत्याग्रह झाला. देवळाचा झाला. आजारी माणूस सत्याग्रह कसा करील? तो निजून असतो. त्याच्यापुढं दारं बंद होतात तेव्हा गर्दी नसते, फोटो नसतो. १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र छापून आलं. बाळंत झालेली बायको तापानं फणफणलेली. डॉक्टर म्हणाला, वस्तीत पाय ठेवणार नाही, बाईला बाहेर आणा. दोन रुपये फी कबूल झाली. थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाच्या हाती दिला, त्यानं नवऱ्याला, नवऱ्यानं बायकोला. त्याच वाटेनं परत. डॉक्टरनं न शिवता रोग सांगितला, न्युमोनिया. पुन्हा बोलावलं तर आला नाही. बाई मेली. बाबासाहेबांनी हे प्रकरण पुढं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त नोंदवलं.

माझी आजी वऱ्हाडातली. ती सांगे, "बाटली खाली ठेव म्हने कंपाउंडर, अन् वरून औषध ओते. आपला हात त्याले लागू नये म्हून." तो दवाखाना कोणता ते तिला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. बाटली मात्र आठवत होती.

आता मुद्द्याचं बोलू. ठराव झाला तरी दार का उघडलं नाही? कारण दवाखाना ज्या बोर्डाच्या, पालिकेच्या ताब्यात, ते बोर्ड निवडणारा मतदार कोण होता? ज्याच्या नावावर शेत, जो सारा भरतो, घरपट्टी भरतो, तो. आपल्या नावावर काय होतं? जोहार होता. म्हणून १९२६ साली बोल्यांना दुसरा ठराव आणावा लागला : जी पालिका अंमल करणार नाही तिचं सरकारी अनुदान बंद करा.

वऱ्हाड तर मुंबई इलाख्यात नव्हताच. आपण मध्यप्रांत-वऱ्हाडात. तिथल्या कौन्सिलात आपले जी. ए. गवई बसले ते सरकारनं नेमले म्हणून; आपण निवडून दिले म्हणून नाही. १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. प्रश्न अंबादेवीच्या मंदिराचा होता. पुढच्याच वर्षी पंजाबराव देशमुख जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले अन् त्यांनी सार्वजनिक विहिरी आपल्याला खुल्या केल्या. चांगला माणूस खुर्चीत आला म्हणून विहीर उघडली. उद्या वाईट बसला तर? खुर्चीत कोण बसावं हे आपल्या हातात नसेल तर उघडलेलं दार मेहेरबानीचं. हे ओळखूनच बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढं प्रौढ मताधिकार मागितला.

आता कापसाच्या धाग्यानं थोडं लांब जाऊ. मी सूतगिरणीत राबतो, कापूस माझ्या नाकातोंडात आहे. १८६१ ते ६५ अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, तेव्हा विलायती गिरण्यांनी वऱ्हाडाकडं तोंड वळवलं. म्हणजे आपण अन् तिकडचे काळे एकाच बाजारात उन्हात उभे होतो. त्याच कापसाच्या मुलखात, मिसिसिपीत, फॅनी लू हेमर नावाची बाई मळ्यावर बटईनं राबायची. १९६१ साली पोटातली गाठ काढायला दवाखान्यात गेली. डॉक्टरनं न विचारता गर्भपिशवीच काढून टाकली. पुढच्या वर्षी, ३१ ऑगस्ट १९६२ ला, ती मतदार म्हणून नाव नोंदवायला इंडियानोला गावच्या कचेरीत गेली. त्याच दिवशी मालकानं तिला मळ्यावरून हाकललं. १९६३ मध्ये तुरुंगात इतकं मारलं की जन्माचं दुखणं लागलं. कापलेल्या देहाचा जाब तिनं मतानं विचारायचं ठरवलं होतं.

१९६५ ला मतदान हक्काचा कायदा झाला. १९६६ ला म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर सुरू झालं, तेव्हा तिकडच्या सरकारनं बजावलं : काळ्यांना वेगळं टाकणाऱ्या दवाखान्याला पैसा नाही. वर्षानुवर्षं उभ्या भिंती काही महिन्यांत पडल्या. बोल्यांनी चाळीस वर्षं आधी हीच चावी दाखवली होती.

आपल्याकडं १९५० च्या घटनेनं मत दिलं, एका माणसाला एक. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यानं दवाखान्यात मज्जाव हा गुन्हा ठरवला. अन् १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. हे नीट ध्यानात घ्या : खेड्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या ताब्यात असतं. मैदानी मुलखात तीस हजार लोकांमागं एक, मेळघाटासारख्या आदिवासी भागात वीस हजारांमागं. डॉक्टर हजर आहे का, सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे का, हे विचारायची जागा परिषदेची आरोग्य समिती. ती बनते निवडून आलेल्या सदस्यांची. म्हणजे आजीच्या बाटलीपासून मतपेटीपर्यंत सरळ रस्ता आहे.

त्या रस्त्यानं वऱ्हाड चाललाही. १९९८ ला अकोल्यातून प्रकाश आंबेडकर अन् अमरावतीतून रा. सू. गवई लोकसभेवर गेले. दोन्ही जागा तेव्हा खुल्या होत्या, राखीव नव्हत्या. अकोल्यात आपण अन् लहान लहान ओबीसी जाती एकत्र आलो, जिल्हा परिषद अनेक वर्षं हातात राहिली.

आणि मग हे पाहा. मार्च २०२२ मध्ये अमरावती जिल्हा परिषदेची मुदत संपली. कारभार प्रशासकाकडं गेला. आरक्षणाचा वाद कोर्टात, निवडणूक लांबणीवर. २०२२ गेलं, २३ गेलं, २४ गेलं. त्या वर्षांत आरोग्य समितीवर आपण निवडलेला एकही माणूस नव्हता. कोणी मोर्चा काढला? पुतळ्याच्या जागेवरून आपण रात्रभर रस्ता अडवतो. मत गोठलं तेव्हा रस्ता मोकळा होता.

अमरावतीच्या लोकांच्या तोंडी जिल्ह्याचा दवाखाना अजून इर्विन अन् बायांचा डफरीन. आपल्याला मत नव्हतं त्या काळची, लाटसाहेबांची ही नावं. इर्विन चौकात बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे. १४ एप्रिलला तिथं हजारोंनी या. पण १५ तारखेला गावच्या आरोग्य केंद्रात जा, औषधांची यादी मागा, रिकाम्या जागा मोजा, अन् तो कागद ग्रामसभेत वाचा. मतदार यादीत आपल्या वस्तीतली नावं कापली गेली का, तेही त्याच दिवशी बघा.

विहीर लढून घेतली. ठरावातला शेवटचा शब्द अजून घ्यायचा आहे.

जय भीम.