पॉमरॉय घराणे

अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स वसाहतीतील लोहार, बंदूककार आणि सैनिकांचे घराणे. मूळ पुरुष एल्टवीड पॉमरॉय १६३० च्या दशकात इंग्लंडहून डॉर्चेस्टरला आला व पुढे कनेटिकटमधील विंझर येथे स्थायिक झाला. त्याचा मुलगा मेडाड नॉर्थॅम्प्टनला गेला. मेडाडचा मुलगा एबेनेझर आणि एबेनेझरचा सेथ (१७०६–७७). घराण्याची परंपरा आपले मूळ डेव्हनमधील नॉर्मन सरदार राल्फ द पॉमरॉय याच्याशी जोडते (→ नॉर्मन लोक). मात्र आडनावाचे साम्य हा वंशाचा पुरावा नव्हे. मधल्या शतकांतील पिढ्या कागदोपत्री जोडता आल्याशिवाय हा दावा मान्य करता येत नाही. वसाहतीतील पिढ्यांबाबतही, तेथे लोहार पुष्कळ होते, तेव्हा समान धंदा हा नात्याचा पुरावा ठरत नाही, असा आक्षेप संभवतो. तो एकट्या धंद्यापुरता खरा आहे. पण नॉर्थॅम्प्टनच्या पिढ्यांबाबत तोच गाव आणि तेथील नोंदी धंद्याला दुजोरा देतात, म्हणून वंशावळीचा हा भाग भक्कम आहे.

लोहाराचा भाता आणि रणांगण यांचा संबंध सेथमध्ये स्पष्ट दिसतो. १७४५ च्या लुइसबर्गच्या वेढ्यात (→ लुइसबर्ग) फ्रेंचांनी खिळे ठोकून निकामी केलेल्या तोफा पुन्हा चालू करण्याचे काम त्याने केले. ते बंदूककारालाच जमणारे होते. १७५५ मध्ये तो लेक जॉर्जच्या लढाईत आणि १७७५ मध्ये बंकर हिलला लढला (→ अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध). १७७७ मध्ये वॉशिंग्टनच्या सैन्याकडे जाताना पीक्सकिल येथे तो मरण पावला.