आवाज यंत्राचा, बोलणं कुणाचं?

ज्या मुलांना तोंडाने बोलता येत नाही, त्यांच्या बोलण्याचा इतिहास आज आपण पाहणार आहोत. सेरेब्रल पाल्सी किंवा ऑटिझम असलेली काही मुलं यात येतात. चित्रांचा फलक, बोट ठेवलं की आवाज देणारा टॅबलेट ही त्यांची साधनं. ही साधनं शाळेत रुजवणारा तज्ज्ञ हा आपल्याकडे तसा नवाच पेशा.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून आधी भर्तृहरी. त्याने वाणीची तीन रूपं सांगितली: पश्यंती, मध्यमा, वैखरी. कानाला ऐकू येते ती वैखरी, म्हणजे सगळ्यात बाहेरची. ती नाही म्हणून आतली वाणीही नाही, असं ठरत नाही. शाळेनं मात्र बरीच वर्षं तेच धरून चाललं: बोलत नाही, म्हणजे समजत नाही.

याला धक्का देणारी एक गोष्ट 1971 साली कॅनडात, टोरांटोला घडली. चार्ल्स ब्लिस नावाचा रासायनिक अभियंता, हिटलरच्या छळछावण्यांतून सुटलेला. माणसं एकमेकांना समजून घेतील तर युद्धं टळतील, या आशेनं त्याने चित्रलिपी रचली आणि 1949 मध्ये त्यावर ग्रंथ काढला. जगानं फारशी दखल घेतली नाही. शर्ली मॅकनॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती लिपी अपंग मुलांपुढे ठेवली, आणि मुलं खुणा दाखवून बोलू लागली! ब्लिस आधी हरखला. पुढे शिक्षकांनी मुलांच्या गरजेप्रमाणे खुणा बदलल्या, तसा तो बिथरला. वाद वर्षानुवर्षं चालला. प्रश्न एवढाच होता, बरं का: शब्द कुणाचे? रचणाऱ्याचे, की बोलणाऱ्याचे?

तोच प्रश्न आज आपल्या दारात आहे. मुंबईत 1972 साली मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 17 ने बोलण्याला पूरक अशा पर्यायी संवादपद्धतींना चालना देणं हे शासनाचं काम ठरवलं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे ॲप मराठीतही आहे. म्हणजे साधन आलं.

आता साताऱ्या-सांगलीच्या घरात चला. इंग्रजी फलकावर 'आंटी'चं एक चित्र पुरतं. इथं मावशी, आत्या, काकू, मामी चौघी वेगळ्या. सांगली-कोल्हापूरकडे पुष्कळ घरांत मुलीही 'मी येतो' म्हणतात. यंत्र मात्र शुद्ध 'येते' म्हणणार. मग मुलगी बोलली, की पुस्तक बोललं? आणखी एक. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, कितीतरी भागांत वीज गेली. अशा वेळी टॅबलेट मिटतो. लॅमिनेट केलेला कागदी फलक चालू राहतो.

म्हणून यंत्र जोडून दिलं की तज्ज्ञाचं काम संपत नाही, खरं तर तिथं सुरू होतं. घरात बसून आजीचे, भावंडांचे शब्द टिपायचे. मूल बोट उचलेपर्यंत थांबायचं. आपण घाईनं त्याचं वाक्य पुरं करायचं नाही. आणि फलकावर काय आहे ते तपासायचं. मोठ्यांनी केलेल्या फलकावर पाणी, भूक, शू हमखास असतं. 'नको', 'दुखतंय', 'तो मला मारतो' असतं का? हे शब्द नसले, तर त्या मुलावर अन्याय झाला तरी त्याची तक्रार कुणापर्यंत पोहोचणार नाही.

श्रोत्यांत शिक्षक आणि पालक आहेत. आपल्या मुलाच्या फलकावर हे तीन शब्द आहेत का, ते आज घरी गेल्यावर पाहा. आता प्रश्न घेऊ.